बंदुकीच्या नळीतील तांबे

तांब्याचा हंडा काळवंडला की घरातली बाई चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ घेते आणि घटकाभरात तो हंडा लखलखीत करून ठेवते. ही युक्ती आपणां सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच तिच्यापासून सुरुवात करतो. कारण याच युक्तीने एक चांगली रायफल बिघडताना मी पाहिली आहे. आणि तीच रायफल दुसऱ्यांदा बिघडली ती माझ्या सल्ल्याने.

आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांच्या वडिलांची शिकारीची रायफल त्यांच्याकडे आली, परवानाही रीतसर त्यांच्या नावावर झाला. 1972 साली वन्य जीव संरक्षणाचा कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपले, ते योग्यच झाले. तेव्हापासून रायफल कपाटात होती. पुढे नातवाला नेमबाजीचा नाद लागला आणि ती बाहेर निघाली. पण गोळ्या एका जागी बसेनात. एक इकडे, तर दुसरी वीतभर तिकडे. सुभेदारांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली, तर आत तांबूस पट्टे. "तांबे आहे ना, मग चिंच लावा," असे घरातून कोणी तरी म्हणाले. लावली. पट्टे पूर्वीपेक्षा अधिक चमकू लागले आणि त्यांच्या मधल्या पोलादावर दोन दिवसांत गंज चढला! मग सुभेदार माझ्याकडे आले. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, एवढाच माझा या विषयाशी संबंध.

आता नळीत तांबे येते कोठून, ते पाहू. रायफलीची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात स्क्रूच्या आट्यांसारख्या पिळदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. गोळी या खाचांत घट्ट बसावी लागते. अमेरिकेच्या 1903 सालच्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे माप सांगतो: नळीचा मूळ व्यास इंचाच्या 300 हजारांश, खाचांच्या तळाशी 308, आणि गोळीही 308. म्हणजे मोठ्या मापाची गोळी लहान भोकातून दाबून जाते आणि नळीच्या कडा तिच्या अंगात रुततात. जुन्या काळ्या दारूच्या वेळी नुसत्या शिशाची गोळी चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली, गोळीचा वेग फार वाढला आणि मऊ शिसे त्या वेगात टिकेना. म्हणून शिशावर कठीण धातूचे कवच चढवले. तेच कवच नळीला घासत जाते आणि आपला थोडा थोडा अंश मागे ठेवून जाते.

सुरुवातीची बरीच कवचे तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाची होती. आपल्याकडील जुन्या फौजी मंडळींना परिचित असलेल्या .303 रायफलीच्या गोळीवर असेच कवच असे. त्याचा दोष असा, की वेग वाढला की ते नळीच्या तोंडाजवळ गाठी धरी. या गाठींनी अमेरिकेतले नेमबाज इतके त्रासले, की 1921 साली तेथल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी गोळ्यांवर चक्क कथलाचा मुलामा देण्यात आला. आपला कल्हईवाला तांब्याच्या भांड्याला आतून जो थर देतो, तोच हा कथील. कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. फ्रेंचांनी तोफांच्या नळीतले तांबे काढण्यासाठी कथील वापरून पाहिले होते. गाठी थांबल्या खऱ्या, पण हा कथील काडतुसाच्या पितळेला आतून चिकटून बसू लागला. त्यात कित्येकांनी जुन्या सवयीने गोळ्या ग्रीसमध्ये बुडवल्या. दाब बेसुमार वाढला आणि काही रायफली फुटल्या. अखेर तांब्यात थोडेसे जस्त घालून केलेले कवच आले. गाठी गेल्या; पातळ तांबूस थर मात्र राहिला. सुभेदारांच्या नळीत होता तो हाच.

हा थर असला म्हणून काय बिघडते? पातळ असेल तर काहीच बिघडत नाही. उलट, घासून अगदी कोरी केलेली नळी पहिल्या चार-दोन गोळ्या कशाही मारते आणि मग ठिकाणावर येते, हा नेमबाजांचा नेहमीचा अनुभव आहे. पण थर जाड आणि ओबडधोबड झाला की नेम बिघडतो. शिवाय त्याच्याखाली ओल आणि दारूची राख अडकते. लोखंड आणि तांबे एकमेकांना लागून असले आणि मध्ये खारट ओल असली, की लोखंड अधिक झपाट्याने गंजते. येथे शिक्षक बंधुभगिनींसाठी एक प्रयोग सांगतो. दोन सारखे खिळे घ्या. एकाला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा. दोन्ही मिठाच्या पाण्यात ठेवा आणि मुलांना रोज पाहू द्या. तारेचा खिळा आधी गंजेल.

मग चिंचेने काय केले? हंड्यावरचा काळा थर म्हणजे शुद्ध तांबे नव्हे. हवेशी संयोग होऊन झालेले ते तांब्याचे संयुग आहे. चिंचेतले आम्ल ते संयुग विरघळवते आणि खालचे तांबे उघडे करते. मूळ तांब्याला ते फारसे हात लावत नाही. आपल्याला हंडा राखायचा असतो, तेव्हा हे उत्तमच. पण नळीत आपल्याला तांबे राखायचे नसते, घालवायचे असते. आणि राखायचे असते ते पोलाद, ज्याला आम्ल आणि मीठ दोन्ही वैरी. म्हणजे औषध बरोबर उलट लागू पडले!

आपल्याला पाहिजे असा पदार्थ, जो तांबे खाईल आणि लोखंडाला शिवणार नाही. असा पदार्थ आहे, आणि त्याचा वास तुम्हांला माहीत आहे. पावसाळ्यात दोन दिवस बंद राहिलेल्या गोठ्यात शिरले की नाकाला झोंबतो आणि डोळ्यांत पाणी आणतो, तो अमोनिया. कल्हईवाल्याच्या नवसागरात चुना मिसळला तर तोच वास सुटतो. अमोनियाचे पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की तांबे विरघळू लागते आणि द्रावण सुरेख गडद निळे होते. पोलाद त्यात सुरक्षित राहते.

हाच अमोनिया पितळेचा मात्र शत्रू आहे, आणि हा धडा आपल्याच देशात मिळाला. इंग्रजी अमदानीत लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली असत. पावसाळा संपल्यावर पाहावे, तर पितळी काडतुसांना भेगा! भेगा ऋतूप्रमाणे पडतात, म्हणून इंग्रजीत या रोगाला ऋतूवरूनच नाव पडले. खरे कारण 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उकलून दाखवले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि काडतूस घडवताना पितळेत राहिलेला ताण, ही दोन्ही मिळून पितळ फोडत होती. पितळ बेताने तापवून तो ताण काढला की भेगा थांबत. म्हणून सांगतो, काडतुसे गोठ्याजवळ ठेवू नका, आणि नळी साफ करण्याचे औषध काडतुसांच्या पेटीत तर मुळीच ठेवू नका.

आता माझी चूक. मी सुभेदारांना जुन्या अमेरिकन लष्करी पुस्तकातली रीत सांगितली. तीव्र अमोनिया आणि अमोनियम परसल्फेट यांचे द्रावण करायचे, नळीचे मागचे तोंड बुचाने बंद करायचे, पुढच्या तोंडावर रबरी नळीचा तुकडा चढवायचा आणि द्रावण काठोकाठ भरून अर्धा तास ठेवायचे. परसल्फेट प्राणवायू पुरवतो, म्हणून काम झपाट्याने होते. मी सगळे सांगितले. एवढेच सांगितले नाही, की ते नळीत वाळू देता कामा नये. त्यांच्याकडे पाहुणे आले, दुपारी भरलेली नळी दुसऱ्या दिवशी रिकामी झाली. अमोनिया उडून जातो, मागे उरलेला परसल्फेट लोखंडावर तुटून पडतो. तांबे गेले होते, पण नळीच्या तोंडाजवळ गंजाचे एक कडे उमटले होते. सुभेदार एक शब्द बोलले नाहीत. मलाच वाटले, की वर्गात फळ्यावर अर्धे समीकरण लिहून घंटा झाली म्हणून निघून आल्यासारखे हे झाले.

आज इतक्या जहाल द्रावणाची गरजही नाही. अमेरिकेत फ्रँक ऑगस्ट हॉपे याने 1903 साली नळी साफ करण्याचे आपले द्रावण तयार केले. तेव्हापासून अशी तयार औषधे मिळत आली आहेत. काहींत सौम्य अमोनिया असतो, काहींत तो नसतोही. रीत साधी आहे. प्रथम रायफल रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी पाहावे. बोल्ट काढून गज शक्यतो मागच्या बाजूने घालावा. पुढून घातलेला गज नळीच्या तोंडाची कड झिजवतो, आणि गोळी शेवटी जिला स्पर्श करून सुटते ती हीच कड. औषधाने भिजलेली चिंधी फिरवावी, बाटलीवर लिहिला असेल तितकाच वेळ थांबावे, मग कोरडी चिंधी काढावी. ती निळी आली म्हणजे तांबे निघते आहे. पुन्हा तेच, चिंधी पांढरी येईपर्यंत. मग औषध पुसून काढावे आणि तेलाचा हलका हात द्यावा. पोलादी तारेचा ब्रश कधीही घालू नये; गोळ्यांनी जितक्या नळ्या झिजतात, त्याहून अधिक उत्साही हातांनी झिजतात असे माझे मत झाले आहे.

यात एक गंमत आहे. सुभेदार दुसऱ्या खेपेला साफ करायला बसले, तेव्हा वीस चिंध्या झाल्या तरी निळा रंग हटेना. शेवटी लक्षात आले, की गजाच्या टोकाचा तुकडाच पितळेचा होता. औषध नळीतले नव्हे, त्या टोकाचे तांबे खात होते! नायलॉनचे टोक लावले आणि तिसरी चिंधी पांढरी आली.

तांब्याइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मागे जो क्षार राही, तो आपल्या खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊ. हवेतली ओल ओढून तो नळी गंजवी. लोक बिनधुराच्या दारूला दोष देत आणि तेल लावत. पण तेलात मीठ विरघळत नाही. अमेरिकेच्या खाण खात्यातील विल्बर्ट हफ याने 1922 साली हे दाखवून दिले. त्यावर उपाय उकळते पाणी. पाणी घालून लोखंड वाचवायचे हे ऐकायला विपरीत वाटते, पण कढत पाण्याने मीठ धुऊन जाते आणि नळी तापल्यामुळे लगेच वाळते. आमच्या कोकणातली ठासणीची बंदूक किंवा पिकाच्या राखणीसाठी परवान्याने दिलेली छऱ्याची बंदूक ज्यांच्याकडे आहे, त्यांनी अमोनियाच्या वाटेला जाऊच नये. तेथे कवचाची गोळी नाही, म्हणून तांबेही नाही. काळ्या दारूची राख मात्र आहे, आणि तिला गरम पाणी, कोरडी चिंधी आणि तेल एवढेच पुरते.

अमोनियाचा प्रयोग शाळेत करायचा असेल, तर एका बाटलीत तांब्याच्या तारेचा तुकडा आणि दुसरीत स्वच्छ खिळा टाका, दोन्हींत सौम्य अमोनियाचे थोडे पाणी घाला आणि तोंड सैल झाका, म्हणजे हवा जाईल. खिडक्या उघड्या ठेवा, बाटली शिक्षकांनीच हाताळावी, डोळे जपा. आणि विहिरीत टाकण्याची ब्लीचिंग पावडर जवळपासही आणू नका. त्या दोहोंच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो. तारेच्या बाटलीत काही तासांनी निळी झाक दिसू लागेल. खिळ्याचे पाणी तसेच राहील.

सुभेदारांच्या रायफलीवरचे ते कडे काही गेले नाही. बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून त्यांनी नळीचा पुढचा बोटभर भाग कापून नवी कड करून घेतली. गोळ्या आता पुष्कळशा एका जागी बसतात. नातू चिंध्या स्वतःच कापतो आणि औषध लावल्यावर घड्याळ समोर ठेवतो.