पत्नीसाठी कोणते विशेषण?



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाईभत्ता नाहीतर ग्रॅच्युइटी यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही विशेषणांवर, आणि तीही पत्नीच्या विशेषणांवर, बोलणार आहोत. हा विषय आमच्या कामाबाहेरचा नाही. युनियनच्या कचेरीत निम्मा वेळ लिहिण्यात जातो. कोणाला निवृत्तीच्या समारंभातले भाषण हवे असते, कोणाला श्रद्धांजलीचा मजकूर, कोणाला अपघाताच्या नुकसानभरपाईचा अर्ज. या तिन्ही कागदांत पत्नीचा उल्लेख येतो आणि तिथेच लेखणी अडते.

“बाई कशा होत्या?” असे विचारले की ठरलेली उत्तरे येतात: सोशिक, समजूतदार, कष्टाळू, पतिपरायण. नाव बदलले की तोच मजकूर शेजारच्या बिऱ्हाडालाही चालावा! जे विशेषण कोणालाही लागू पडते, त्यातून कोणाचेच चित्र उभे राहत नाही.

आमची शाळा लवकर सुटली. व्याकरण आम्ही पुढे पाळीवरून आल्यावर जुन्या पुस्तकांतून शिकलो. विशेषणाचे तीन प्रकार तिथे भेटले: सार्वनामिक, गुणवाचक आणि संख्यावाचक. पत्नीविषयी लिहिताना हे तिन्ही तपासून पाहावेत, असे आमचे सांगणे आहे.

पहिले सार्वनामिक. ‘माझी पत्नी’ यातला ‘माझी’ हा शब्द व्याकरणाने विशेषणच आहे, आणि बहुतेक नवऱ्यांचे लेखन त्याच्यापुढे सरकत नाही. तिने माझ्या आईची सेवा केली, माझ्या पगारात भागवले, मला कधी उलटून बोलली नाही. या सगळ्यात बाई दिसते की नवऱ्याची सोय दिसते? ‘माझी’ हा शब्द जरूर असावा. त्यात मायाही आहे. पण तो क्षणभर झाकून पाहावा. तिचे माहेर, तिचा हिशेबीपणा, तिचा गळा, तिचा राग, यांपैकी काही कागदावर उरते का?

दुसरे गुणवाचक. ‘सोशिक’ हा शब्द घ्या. आम्ही तीस वर्षे वाटाघाटींच्या टेबलावर बसलो आहोत. मालकपक्ष “आमचे कामगार फार सोशिक आहेत” असे म्हणू लागला, की यंदा पगारवाढ मिळत नाही हे आम्ही ओळखतो. सोसणाऱ्याची स्तुती बहुधा ज्याच्यामुळे सोसावे लागते तोच करतो. म्हणून आमची एक साधी कसोटी आहे. बायकोला लावायचे विशेषण आधी मालकाच्या तोंडी घालून स्वतःला लावून पाहावे. अंगावर काटा आला, तर ते खोडावे.

सोसण्याचा उल्लेखच करू नये, असे मात्र नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ १९३५ साली निवर्तलेल्या रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत मनाचा चांगुलपणा आणि चारित्र्य यांच्या जोडीला दुःख सोसण्याची तयारीही आहे. पण ते सोसणे बाबासाहेबांच्या बरोबरीने होते, आणि मित्र नसलेल्या, ओढगस्तीच्या त्या दिवसांतले होते, हे त्यांनी लिहिले आहे. ते दिवस दोघांच्याही वाट्याला आले होते. गुणाला काळ दिला, प्रसंग दिला आणि स्वतःलाही त्यात उभे केले, की तोच शब्द खरा होतो.

याचा दुसरा धडा उलट बाजूने मिळतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात रेव्हरंड टिळकांचा तापटपणा आणि त्यांचे औदार्य ही दोन्ही घडलेल्या गोष्टींतून दिसतात. बायकोविषयी कसे लिहावे हे शिकायचे असेल, तर एका बायकोने नवऱ्याविषयी कसे लिहिले ते वाचावे.

तिसरे संख्यावाचक. हे आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटते. २०१९ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. तरीही २०११ च्या जनगणनेत केवळ घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणारी’ या सदरात गेली. मोटार वाहन कायद्याला १९९४ साली जोडलेल्या परिशिष्टात न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्याच्या एक-तृतीयांश धरलेले होते. म्हणजे ‘न कमावती’ या विशेषणाला रुपयांत भाव होता, आणि तो पडेल भाव होता. गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत बसवणाऱ्या २००१ च्या जनगणनेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कडक शब्दांत टीका केली.

म्हणून अपघाताच्या अर्जात आम्ही नुसते ‘गृहिणी’ लिहून थांबत नाही. पहाटे किती वाजता ऊठ, किती माणसांचा स्वयंपाक, किती हंडे पाणी, किती डबे, किती आजाऱ्यांची उस्तवार, हे सारे विचारून आकड्यांनी लिहितो. अशा वेळी समोरचा नवरा अनेकदा गप्प होतो. त्याला आकडे ठाऊक नसतात. तो शेजारणीला विचारून येतो. गिरणगावात किती बायकांनी खोलीत खाणावळ चालवून परगावच्या गिरणी कामगारांना जेवू घातले! त्यांच्या जेवणावर गिरणीच्या पाळ्या चालल्या. त्यांना ‘घरीच असते’ एवढेच म्हणायचे?

तेव्हा आमची विनंती एवढीच. घरी गेल्यावर एका कागदावर पत्नीविषयी पाच वाक्ये लिहा, आणि त्यात एकही गुणवाचक विशेषण घालू नका. ती काय करते, केव्हा करते, कशाला हसते, कशाला नाही म्हणते, एवढेच लिहा. माहीत नसेल तिथे तिला विचारा. मग कागद तिला वाचून दाखवा. ती चुका काढील. त्या दुरुस्त करून घ्या. एवढे झाल्यावर एक विशेषण लिहायला हरकत नाही, आणि तेही तिच्या पसंतीचे. हे काम शोकसभेपर्यंत लांबवू नये. तिथे चुका काढायला ती नसते.