विकसनशील देशातील सेंद्रिय शेती : होसकोटे तालुक्याच्या निमित्ताने

होसकोटे हे नाव मराठी श्रोत्यांना अगदीच परके वाटू नये. सतराव्या शतकात शहाजीराजांकडे कर्नाटकातील जी जहागीर होती, तीत बंगळूर व कोलार ह्यांच्या जोडीने ह्या ठाण्याचाही समावेश होता. कानडीत ‘होस कोटे’ म्हणजे नवा कोट. बंगळूरच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे २५ किलोमीटरांवर हे गाव लागते. जवळून वाहणारी दक्षिण पिनाकिनी नदी, गावालगतचा विस्तीर्ण तलाव, लाल माती, पावसावर येणारी नाचणी आणि विंधन विहिरींच्या पाण्यावरील तुती, भाजीपाला व द्राक्षे, असे ह्या तालुक्याचे सर्वसाधारण चित्र आहे. सेंद्रिय शेतीची चर्चा अशा एखाद्या ठिकाणाहून केली, म्हणजे तिच्याभोवतीचा पुष्कळसा धुरळा खाली बसतो.

कर्नाटक राज्याने २००४ साली आपले सेंद्रिय शेतीविषयक धोरण जाहीर केले. तेव्हा उत्साहाची किंवा शासकीय मान्यतेची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती शेणाची. नाचणीला हेक्टरी १० टन शेणखत द्यावे, अशी साधारण शिफारस आहे. एका मध्यम जनावरापासून दिवसाकाठी सुमारे १० किलो ओले शेण मिळते, असे धरले तर वर्षाचे साडेतीन टनांहून थोडे अधिक होते. ते कुजून खत होईपर्यंत निम्म्यावर येते. म्हणजे एका हेक्टरसाठी पाच-सहा जनावरे हवीत. आणि सामान्य शेतकऱ्याच्या दावणीला असतात एक-दोन. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, पूर्वीची गायराने आक्रसली, आणि निलगिरीच्या लागवडीने कोलार-बंगळूर पट्ट्यातील कितीतरी नाचणीची शेते व्यापली. निलगिरीचा पाला जनावर खात नाही. शासनाने नव्या निलगिरी लागवडीस बंदी केली ती २०१७ साली. तोवर पुष्कळ उशीर झाला होता.

ह्याच लाल मातीच्या पट्ट्यात, बंगळूरच्या कृषी विद्यापीठात, कोरडवाहू नाचणीवर १९७८ साली एक दीर्घ मुदतीचा प्रयोग सुरू झाला. त्याचे निष्कर्ष दोन्ही पक्षांना सारखेच अडचणीचे आहेत. केवळ रासायनिक खतांवर घेतलेले उत्पन्न वर्षे लोटली तसे घसरत गेले. शेणखताच्या जोडीला रासायनिक खत दिलेल्या वाफ्यांनी मात्र सर्वांत चांगले आणि स्थिर पीक दिले. जमिनीत सेंद्रिय द्रव्य नसेल तर गोणीतले खतही वाया जाते, हा त्याचा अर्थ. आणि नुसत्या शेणखतावर सर्वोच्च उत्पन्नाची अपेक्षा धरू नये, हाही त्याचाच अर्थ.

शेणाच्या ह्या गणितावर अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर ह्यांनी निराळे उत्तर दिले. शेण हे खत नसून विरजण आहे, असे त्यांचे प्रतिपादन. त्यानुसार जीवामृताच्या रूपाने एका गाईवर ३० एकर पिकवता येतात. कर्नाटकातील रयत संघाच्या अनेक कार्यकर्त्यांनी ही पद्धत उचलून धरली. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने २०१९ साली तिला पुरेसा शास्त्रीय आधार नाही असे मत दिले. खर्च कमी होतो, हे तिचे आकर्षण खोटे नव्हे. परंतु धान्याबरोबर जमिनीतून निघून जाणारे स्फुरद व पालाश परत कोठून यायचे, हा प्रश्न विरजणाने सुटत नाही.

तुतीची गोष्ट मात्र आशादायक आहे. रेशमाच्या अळ्या कीटकनाशकाला इतक्या हळव्या असतात, की शेजारच्या टोमॅटोवरील फवारा वाऱ्याने तुतीवर आला तरी ताटेच्या ताटे मरतात. त्यामुळे रेशीम पिकवणारा शेतकरी कोणाच्या उपदेशावाचून विषापासून चार हात दूर राहतो, आणि शेजाऱ्यालाही फवारणीची वेळ विचारून घेतो. एकट्याने सेंद्रिय शेती करणे किती अवघड, हेही येथे दिसते. बांधाला वारा जुमानत नाही.

घाईचे परिणाम काय होतात, हे श्रीलंकेने पाहिले. तेथे मे २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद करण्यात आली. पर्यायी खत पुरेसे नव्हते. भाताचे उत्पन्न खाली आले, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि नोव्हेंबरात निर्णय मागे घेण्यात आला.

भारतीय प्रमाणपत्राच्या नियमांनुसार हंगामी पिकांस निदान २ वर्षे आणि बहुवर्षायू पिकांस ३ वर्षे संक्रमणकाळ धरतात. ह्या काळात उत्पन्न घटते, पण मालाला वाढीव भाव मिळत नाही. बंगळूरसारखी श्रीमंत बाजारपेठ तासाभराच्या वाटेवर असूनही होसकोट्याच्या अल्पभूधारकाला ही वर्षे काढणे जड जाते. शिवाय शहर त्याच्या मालाबरोबर त्याची जमीनही मागते. एकरी भाव वाढत असताना, किंवा रान वर्षाच्या खंडाने घेतलेले असताना, पाच वर्षांनी भुसभुशीत होणाऱ्या मातीवर आज पैसा कोण घालील?

पूर्वी उन्हाळ्यात तलावाचा गाळ गाड्या भरभरून शेतात पडे. आता काही तलावांत शहराचे सांडपाणी मिसळते, आणि तेथला गाळ तपासल्याशिवाय उचलू नये अशी स्थिती आहे. उलटपक्षी, शहरातील मंडईचा आणि घराघरांतील ओला कचरा हे फार मोठे खत आहे. तो कुजवण्यासाठी राज्याने १९७५ सालीच कंपोस्ट विकास महामंडळ स्थापन केले. होसकोट्याची भाजी पहाटे ज्या रस्त्याने बंगळूरला जाते, त्याच रस्त्याने तिची देठे-साले खत होऊन परतू शकतात; मात्र त्यासाठी काच आणि प्लास्टिक वेगळे काढण्याचे काम शहरातल्या स्वयंपाकघरातच व्हावयास हवे. एकदा पायात काच रुतलेला शेतकरी ते खत पुन्हा फुकटही घेत नाही.