खतावणीचे नवे रूप

वऱ्हाडातील व्यापाऱ्यास रोजकीर्द व खतावणी ही नवी नाहीत. वाशीम जिल्ह्यातील एखादा दुकानदार इंटरनेटवरून तुरीची डाळ विकू लागला, म्हणजे त्याला या वह्यांचेच नवे रूप मांडावे लागते. त्यास रिलेशनल डेटाबेस म्हणतात. त्याची उपपत्ती एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली.

तिचे मर्म असे की, प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. याकरिता गिऱ्हाईक, माल, मागणी आणि मागणीतील जिन्नस अशी चार कोष्टके करून प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक द्यावा. मागणीत गिऱ्हाइकाचा केवळ क्रमांक असतो. म्हणून कारंज्याच्या गिऱ्हाइकाचा दूरध्वनी बदलला, तरी दुरुस्ती एकदाच पुरते.

भावाची गोष्ट मात्र निराळी. मालाच्या कोष्टकातील भाव उद्या बदलेल. जुन्या मागणीचा हिशेब त्यावरूनच केला, तर गेल्या महिन्याची पावती आपोआप खोटी ठरेल. यास्तव विक्रीच्या वेळचा भाव जिन्नसांच्या कोष्टकात निराळा नोंदवावा. ही द्विरुक्ती नव्हे. चालू भाव आणि ठरलेला भाव या दोन भिन्न गोष्टी होत. वही कागदाची असो वा यंत्रातील, गिऱ्हाइकाशी झालेला ठराव तीत अबाधित राहिला पाहिजे.