गोदेच्या खालच्या अंगाला

नाशिककराची गोदावरी रामकुंडाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. ब्रह्मगिरीपासून समुद्रापर्यंत ती १४६५ किलोमीटर चालते, हे आपण शाळेत पाठ केलेले असते, इतकेच.

आंध्रात पापिकोंडलूच्या डोंगरांतून लाँचने जाताना ती आम्हांला निराळी भेटली. दोन्ही अंगांचे डोंगर तिला आवळून धरतात. तिथे ती अरुंद, खोल आणि अबोल होते. याच पट्ट्यात १५ सप्टेंबर २०१९ रोजी, पुराच्या दिवसांत, प्रवाशांची नौका उलटून अनेकांचा बळी गेला. प्रवास सरत आला, तशी काठची रिकामी घरे दिसू लागली. खाली पोलावरमचे धरण उभे राहत आहे. त्याच्या फुगवट्यापायी कोया आणि कोंडा रेड्डी यांची गावे उठली आहेत.

धरण वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. सर आर्थर कॉटन यांचा धवळेश्वरमचा बंधारा १८५२ साली पुरा झाला आणि दुष्काळाने गांजलेला त्रिभुज प्रदेश भाताने हिरवा झाला. आपणही गंगापूर धरणाचेच पाणी पितो. पण पाणी पिणाऱ्याला उठलेल्या गावाचे नाव तरी ठाऊक असावे. गोदेला आपण आई म्हणतो. मग खालच्या अंगाची ही माणसे आपली कोण, याचा विचार याच घाटावर बसून आपण करावा, एवढीच विनंती.