पुढारीपण कढईपाशी



‘दहाजणींचे काम चालवणारी बाई कशी असावी’ यावर मला बोलायला सांगितले आहे. मी काही वक्ती नव्हे. अनुभवाचे चार शब्द सांगते.

पांडवलेण्यांच्या पायथ्याचे फाळके स्मारक आपण सर्वांनी पाहिले आहे. दादासाहेब फाळक्यांना कोण ओळखत नाही? पण त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई किती जणींना ठाऊक आहेत? १९१३ साली मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो तयार होत असताना साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. रात्री अंधारात कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडीत. भोक चुकले तर पडद्यावर चित्र उड्या मारणार! अंगावरचे दागिनेही त्यांनी या कामासाठी दिले. त्याच वर्षी फाळके मंडळी नाशिकला आली. सरस्वतीबाईंना कोणी मुख्य म्हटले नाही. पण घरचा तो कारखाना त्यांच्या आधाराने उभा राहिला. पहिला गुण हाच, की प्रत्येक काम स्वतःच्या हाताने येत असावे.

दुसरा गुण मी ठेच खाऊन शिकले. गेल्या दिवाळीत मंडळाच्या फराळाचे काम माझ्याकडे होते. एका धाकट्या भगिनीच्या चकल्या तेलात विरघळल्या. मी सर्वांदेखत तिला बोलले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. रात्री आठवले, मोहन सढळ हाताने घाल असे मीच तिला सांगितले होते! सकाळी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, “काकू, चुकले तर जरूर सांगा, पण चारचौघींत नको.” मी तिला घेऊन आले आणि सर्वांसमोर म्हटले, “माप माझे चुकले.” वाटले होते, आता माझे कोण ऐकणार? झाले उलटेच. त्या दिवसापासून जिला शंका येई ती आधीच विचारू लागली, आणि पुढचा एकही घाणा बिघडला नाही.

तेव्हा भगिनींनो, रागवायचे ते एकीकडे, शाबासकी द्यायची ती सर्वांत, आणि आपली चूक आपल्या पदरात. घर काय, कचेरी काय, कारखाना काय, याहून निराळे पुढारीपण मला ठाऊक नाही.