एका सुरांत येण्यासाठीं

(संत सिसिलियेच्या सणानिमित्त, 22 नोव्हेंबर रोजीं, धर्मग्रामाच्या बँडच्या सभासदांपुढें केलेलें भाषण)



आज संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिचा सण. याच दिवशीं, 1903 सालीं, पोप दहावे पायस यांनीं देवळांतील संगीताविषयीं आपलें आज्ञापत्र काढिलें. त्यांत बँडला देवळांत मज्जाव केला. मात्र देवळाबाहेरील मिरवणुकींत बिशपांच्या संमतीनें वाजविण्यास मोकळीक ठेविली, आणि ऐहिक चाली वाजवूं नयेत अशी अट घातली. पुढें 1963 सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें इतर योग्य वाद्यांसही, अधिकाऱ्यांच्या संमतीनें, उपासनेंत वाव दिला. मान वाढला, तशी जबाबदारीही वाढली. ती केवळ बोटांची व फुंकरीची नव्हे, मनाचीही आहे.

आपल्या वाद्यांकडेच पाहा. कॉर्नेट बी-फ्लॅटचें, आल्टो हॉर्न ई-फ्लॅटचें. दोघांनीं आपापल्या कागदावरील 'सी' वाजविला, तर एकांतून बी-फ्लॅट निघेल, दुसऱ्यांतून ई-फ्लॅट. एकच स्वर निघावा म्हणून दोघांस वेगळें लिहून द्यावें लागतें. शेजाऱ्याचा कागद चुकीचा आहे असें ज्यास वाटतें, त्यानें हें स्मरावें. शिवाय पितळी वाद्य फुंकीनें तापलें कीं सूर चढतो. म्हणून आरंभीं जुळविलेलें वाद्य मध्यें पुन्हां जुळवावें लागतें. स्नेहाचेंही तसेंच आहे.

आतां आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं पहिलें कॉर्नेट वाजविणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचे पुढचे दांत पडले. वरचे स्वर निघेनात. आम्हीं तालमीस सर्वांदेखत जाहीर केलें कीं, यापुढें पहिली जागा एका तरुणाची. निर्णय संगीताच्या दृष्टीनें योग्य होता. रीत मात्र अयोग्य होती. त्या गृहस्थांनीं न बोलतां कॉर्नेट पेटींत ठेविलें, तें वर्षभर उघडलें नाहीं. आम्हीं त्यांच्या घरीं गेलों, क्षमा मागितली. त्यांनीं चहा दिला, उत्तर दिलें नाहीं.

पुढें त्या तरुणाचे वडील वारले. प्रेतयात्रा निघण्याच्या सुमारास हे गृहस्थ कॉर्नेट घेऊन आले आणि, कोणीं न बोलावितां, त्या तरुणाच्या शेजारीं दुसऱ्या जागीं उभे राहिले. त्या दिवशीं मुलाचा श्वास वारंवार अडखळत होता. प्रत्येक वेळीं खालचा सूर त्यास सांवरीत होता. आज ते दोघेही येथें एकाच बांकावर बसलेले आहेत.

संत पौलानें करिंथकरांस लिहितांना प्रीतिहीन मनुष्यास पितळेच्या आवाजाची उपमा दिली. ज्यांच्या हातीं पितळच आहे, त्यांस ती अधिक लागू पडते.

ज्युबिलीच्या मिरवणुकींत पुढच्या रांगेंत कोणीं राहावें, यावरून चाललेली कुजबूज आमच्या कानीं आली आहे. तेव्हां तीन विनंत्या. चूक दाखवावयाची तर एकांतांत दाखवा. लग्नाच्या वर्दीचा हिशेब त्याच रात्रीं सर्वांसमक्ष करा. आणि ज्याच्याशीं बोलणें थांबलें असेल, त्यास आज घरीं जाण्यापूर्वीं हांक मारा.

रांग आम्हीं ठरविणार नाहीं. एकदां ठरवून पाहिली आहे. ती तुम्हीं आपसांत बोलून ठरवा. परमेश्वर तुम्हांस एका सुरांत राखो.