हमी संपल्यानंतर

रेडिओचा संच बिघडला की तो कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात न्यावा, मागचे पुठ्ठ्याचे झाकण निघावे, कारागिराने एकेका व्हॉल्व्हवर टिचकी मारून कान द्यावा आणि चार दिवसांनी घरात पुन्हा सनईचे सूर यावेत, हा एके काळी गावोगावीचा अनुभव होता. छत्रीला नवी काडी, घड्याळाला नवी स्प्रिंग, पातेल्याला पुन्हा कल्हई, अशी त्या काळची गृहस्थी चाले. वस्तू बिघडली म्हणजे तिचे आयुष्य सरले, असे कोणी मानीत नसे.

आज त्याच घरात लॅपटॉप आहे. मुलांचा अभ्यास, वडिलांचे निवृत्तिवेतन, आईचा हिशेब, सारे त्या बंद पेटीत साठवलेले असते. ही पेटी बिघडते तेव्हा मात्र मनुष्य गोंधळून जातो. आणि हमीची मुदत नुकतीच संपलेली असेल तर गोंधळात हताशपणाची भर पडते.

असा एक प्रसंग कल्पावा. इंदूरच्या एका मराठी कुटुंबातील गृहिणी घरी बसून तीन-चार दुकानांचे हिशेब लिहिते व त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरते. लॅपटॉप ४५ हजारांचा, हमी एक वर्षाची. तेराव्या महिन्यात एके सकाळी पडदा काळा होतो. विवरणपत्राची २० तारीख चार दिवसांवर आलेली. सर्व्हिस सेंटरमधला तरुण यंत्र उघडून दहा मिनिटांत निर्णय देतो, “मदरबोर्ड गेला. हमी संपली आहे. बदलायला २८ हजार पडतील. त्यापेक्षा ताई, नवाच घ्या.”

त्या तरुणाचे म्हणणे खोटे असेलच असे नाही. परंतु ‘हमी संपली’ आणि ‘मार्ग संपला’ ही दोन भिन्न विधाने आहेत, आणि पहिले ऐकताच दुसरे मान्य करणे हीच ग्राहकाची पहिली चूक होय.

या गृहिणीची खरी संपत्ती यंत्रात नाही, यंत्रातील हिशेबात आहे. मदरबोर्ड बिघडला तरी माहिती साठविणारी डिस्क बहुधा शाबूत असते. ती स्वतंत्र असेल तर काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते; काही नव्या यंत्रांत मात्र ती बोर्डावरच पक्की बसविलेली असते, आणि तेथे आधी घेतलेल्या प्रतीवाचून गत्यंतर नसते. डिस्कला सांकेतिक कुलूप असेल, तर त्याची किल्ली आधीच लिहून ठेवलेली बरी. दुरुस्तीला देण्यापूर्वी माहितीची प्रत घेणे, ती न जमल्यास ‘डिस्क पुसू नये’ असे पावतीवर लिहून घेणे, हे पहिले कर्तव्य. यंत्राचा पासवर्ड कारागिराच्या हाती सहजासहजी देऊ नये, हे निराळे सांगावयास नकोच.

त्यानंतर निदान. पडदा काळा होण्याची कारणे अनेक, आणि त्यांतील बरीच किरकोळ असतात. चार्जरची वायर काढून, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले असता पुष्कळदा यंत्र पुन्हा जागे होते. दुसरा, त्याच जातीचा चार्जर लावून पाहता येतो. बाहेरचा पडदा जोडल्यावर चित्र उमटले, तर दोष पडद्यात किंवा बिजागरीतून जाणाऱ्या पातळ केबलमध्ये असण्याचा संभव अधिक. स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, सैल झाली तरी यंत्र गप्प बसते. जाणत्या हाताने ती काढून पुन्हा बसविली की काम होते. यंत्र तापून बंद पडत असेल, तर पंख्यात साठलेली धूळ व वाळून गेलेली उष्णतावाहक पेस्ट यांवर संशय घ्यावा. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र कोणताही प्रयोग न करता वापर तात्काळ थांबवावा; लिथियमच्या बॅटरीला भोक पडले तर ती पेट घेते.

मदरबोर्डच बिघडला तरी तो सगळा बदलावा लागतो असे नाही. अधिकृत केंद्रे सामान्यतः पूर्ण बोर्ड बदलतात. त्यात वेळ थोडा व धोका कमी, पण खर्च मोठा. उलट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, बंगळूरच्या एस. पी. रोडवर किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर असे कारागीर आढळतात की जे भिंग लावून त्या बोर्डावरचा एखादाच जळालेला घटक हुडकतात व तेवढाच बदलतात. व्हॉल्व्हवर टिचकी मारणाऱ्या त्या जुन्या कारागिराचा वारसा येथे जिवंत आहे. अर्थात सगळेच हात सारखे कुशल नसतात. म्हणून खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, यंत्राचा अनुक्रमांक पावतीवर नोंदवावा, काढलेला जुना भाग परत मागावा आणि नव्या कामाची हमी किती दिवसांची, हे आधीच ठरवावे.

आता उत्पादकाकडे वळावे. हमी संपल्यावर फुकट दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क उरत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तथापि दोष जर मुळातच असेल, तर गोष्ट बदलते. २००८ साली एनव्हिडिया या कंपनीने आपल्या काही चित्रप्रक्रिया चिपांच्या जडणघडणीत दुर्बलता असल्याचे जाहीर केले आणि त्या चिपा वापरणाऱ्या काही लॅपटॉपांची हमी त्यांच्या निर्मात्यांना वाढवावी लागली. २०१८ साली ॲपलने आपल्या काही लॅपटॉपांच्या कळफलकातील दोषासाठी पहिल्या विक्रीपासून चार वर्षांपर्यंत विनामूल्य दुरुस्ती देऊ केली. या सवलती आपोआप मिळाल्या नाहीत. असंख्य ग्राहकांच्या तक्रारी साठत गेल्या तेव्हा मिळाल्या. म्हणून आपल्या नमुन्यासाठी अशी काही योजना आहे का, हे विचारावे. आणि मुदत नुकतीच संपली असल्यास खरेदीची पावती जोडून, दोषाचे नेमके वर्णन करून, सवलतीची लेखी मागणी करावी. काऊंटरवरचा ‘नाही’ आणि वरिष्ठांच्या लेखी उत्तरातला ‘नाही’ यांत पुष्कळदा अंतर पडते.

तेथेही दार बंद झाले तर कायदा आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार व्यापाऱ्याने विकलेला माल सर्वसाधारणपणे विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही अट करारात न लिहिताही गृहीत असते. पुढे ग्राहकांची चळवळ उभी राहिली. तिच्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली; तो जुलै २०२० पासून अमलात आहे.

या कायद्याने दिलेल्या सोयी साध्या आहेत. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदविता येते. ते न्यायालय नव्हे, पण कंपनीकडून उत्तर मिळविण्यास त्याचा उपयोग होतो. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय कोठेही असो. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील नेमण्याचीही सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र ती दाखल व्हावी लागते. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा वा भरपाईचा आदेश देऊ शकतो.

येथे एक अडचण ध्यानात ठेवली पाहिजे. हमीनंतर दोष मुळातच होता हे दाखविण्याचे ओझे ग्राहकावर येते, आणि त्यासाठी नुसता संताप पुरत नाही. तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय लागतो. म्हणूनच यंत्र उघडणाऱ्या प्रत्येकाकडून कारणासह लेखी निदान घेणे अगत्याचे. उलट, पैसे घेऊन केलेली दुरुस्तीच सदोष निघाली, तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. मग यंत्र किती जुने आहे, हा प्रश्न तेथे गौण होतो.

आणि दुरुस्ती करावी की नवे घ्यावे? याला एकच उत्तर नाही. नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च येत असेल आणि यंत्र सहा-सात वर्षे वापरलेले असेल, तर हट्ट धरू नये. माहिती पुसून ते अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. पण तेरा महिन्यांचे यंत्र एका लहानशा घटकासाठी टाकून देणे, हा पैशाचा आणि पृथ्वीच्या पोटातून काढलेल्या धातूंचाही अपव्यय आहे. दुरुस्तीच्या हक्काचा विचार आपल्या देशातही सुरू झाला आहे. केंद्र शासनाने त्यासाठी २०२२ साली समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याविषयीचे संकेतस्थळ सुरू केले.

इंदूरच्या त्या गृहिणीने काय करावे, हे आता सांगणे कठीण नाही. डिस्क काढून घेऊन भाच्याच्या संगणकावर विवरणपत्रे वेळेत भरावीत. दुसऱ्या कारागिराचे लेखी मत घ्यावे. कंपनीला पत्र लिहावे. कदाचित दोन-तीन हजारांत काम भागेल, कदाचित भागणार नाही. परंतु नवे यंत्र घ्यावे लागलेच, तर तो निर्णय तिने विचारांती घेतलेला असेल. काऊंटरवरच्या दहा मिनिटांनी तिच्यावर लादलेला नसेल. हमी ही विकणाऱ्याने दिलेली मुदत आहे. ग्राहकाचा विवेक त्या मुदतीने बांधलेला नाही.